नाइटिंगेलबाईंचे आकडे

(द्वितीय वर्ष कला)

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटले की हातात दिवा घेऊन रात्रीच्या वेळी जखमी सैनिकांच्या खाटांमधून फिरणारी बाई डोळ्यांसमोर उभी राहते. प्राथमिक शाळेच्या पुस्तकापासून वक्तृत्व स्पर्धेपर्यंत आपण हेच चित्र पाहत आलो आहोत. त्या चित्रातला दिवाही बहुधा चुकीचाच असतो. चित्रकार तिच्या हाती अल्लाउद्दिनच्या गोष्टीतला दिवा देतात. प्रत्यक्षात तो घडी पडणारा, आत मेणबत्ती लावायचा साधा तुर्की कंदील होता. असो. दिव्याविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. मला लिहायचे आहे ते तिच्या वह्यांविषयी, त्या वह्यांतल्या आकड्यांविषयी. अर्थशास्त्र घेतलेल्यांना सांख्यिकीचा पेपर असतो आणि त्या पेपराला घाबरत नाही असे आमच्या वर्गात शोधूनही कोणी सापडायचे नाही. या विषयाने कधी माणसे वाचवली असतील असे मला कोणी सांगितले असते तर मी हसले असते. तिचे चरित्र वाचल्यावर हसू आले नाही.

तिचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात झाला आणि गावाचेच नाव मुलीला मिळाले. थोरली बहीण नेपल्सला जन्मली म्हणून तिला त्या शहराचे जुने ग्रीक नाव, पार्थेनोपी. आईवडील लग्नानंतर युरोपभर प्रवास करत होते यावरून घरच्या श्रीमंतीची कल्पना यावी. इंग्लंडात परतल्यावर डर्बीशायरमध्ये एक वाडा आणि हॅम्पशायरमध्ये दुसरा, उन्हाळ्यात इकडे, हिवाळ्यात तिकडे. वडील विल्यम नाइटिंगेल हे वाचनाचे शौकीन. मुलगा नव्हता, म्हणून म्हणा किंवा आवड म्हणून म्हणा, त्यांनी दोन्ही मुलींना स्वतः ग्रीक, लॅटिन, इतिहास, तत्त्वज्ञान शिकवले. पार्थेनोपी लवकरच कंटाळून आईकडे भरतकामाला गेली. फ्लॉरेन्स मात्र वडिलांच्या अभ्यासिकेत रमली. पुढे तिने गणिताचा हट्ट धरला, तेव्हा घरात वाद झाला. लग्न व्हायच्या मुलीला गणित कशाला, हा आईचा प्रश्न होता. (हा प्रश्न फक्त इंग्लंडातल्या आयाच विचारतात असे नाही.) अखेर मे आत्याने, म्हणजे वडिलांच्या बहिणीने, मध्यस्थी केली आणि शिकवणी सुरू झाली.

सतराव्या वर्षी, फेब्रुवारी १८३७ मध्ये, ईश्वराने आपल्याला सेवेसाठी बोलावले असे तिला वाटले. सेवा कोणती हे मात्र त्या हाकेत नव्हते. ते उमगायला तिला बरीच वर्षे लागली. १८४५ साली जवळच्या सॅलिसबरीच्या इस्पितळात काही महिने राहून शुश्रूषा शिकावी असा बेत तिने घरात मांडला आणि एकच कल्लोळ झाला. त्या काळच्या इंग्लंडात इस्पितळ म्हणजे ज्याला घर नाही त्याने मरायला जायची जागा, आणि तिथल्या नर्सा म्हणजे दारू पिणाऱ्या, कसल्याच वळणाच्या नसलेल्या बायका, असा समज होता आणि तो अगदीच खोटाही नव्हता. आमच्या नात्यातली एक मुलगी बारावीनंतर नर्सिंगला गेली तेव्हा पहिला प्रश्न आला, रात्रपाळी असते का? दुसरा प्रश्न, मग स्थळ कसे मिळणार? दोनशे वर्षांपूर्वीच्या श्रीमंत इंग्रजी वाड्यातले प्रश्न आमच्या ओसरीवर जसेच्या तसे ऐकू यावेत, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते.

घरच्यांनी नाही म्हटले. फ्लॉरेन्स भांडली नाही. तिने दुसरा मार्ग धरला. पहाटे सगळे घर झोपेत असताना उठायचे, मेणबत्ती लावायची आणि इस्पितळांचे अहवाल, आरोग्यविषयक सरकारी पुस्तके वाचून टिपणे काढायची. न्याहारीच्या घंटेला खाली जायचे ते गुणी मुलीसारखे. किती खाटा, किती रोगी, किती बरे झाले, किती गेले. वर्षानुवर्षे तिने हे केले. तिला कोणी परीक्षेला बसवणार नव्हते, पदवी देणार नव्हते. आपण ज्याला संशोधन म्हणतो त्याची ही सुरुवात होती असे मला वाटते. रिचर्ड मॉन्क्टन मिल्न्स नावाच्या एका चांगल्या, विद्वान गृहस्थाने तिला मागणी घातली होती. तो तिला आवडतही होता. अनेक वर्षे त्याला तिष्ठत ठेवून १८४९ साली तिने नकार दिला. तिच्या आईने हे कधी पूर्णपणे माफ केले असेल असे वाटत नाही.

१८५१ साली जर्मनीतील कैसरवर्थ येथे पाद्री फ्लीडनर यांच्या संस्थेत तिने तीन महिने शिक्षण घेतले. वय एकतीस. १८५३ मध्ये लंडनच्या अप्पर हार्ले स्ट्रीटवरील आजारी स्त्रियांच्या एका लहानशा संस्थेची ती अधीक्षक झाली. पगार नव्हता. वडिलांनी वर्षाला पाचशे पौंड लावून दिले होते.

इथून पुढची हकीकत सर्वांना ठाऊक आहे, म्हणून भरभर सांगते. रशिया आणि तुर्कस्तान यांच्या युद्धात १८५४ च्या मार्चमध्ये इंग्लंड व फ्रान्स तुर्कांच्या बाजूने उतरले. टाइम्स पत्राचा बातमीदार रसेल याने जखमी सैनिकांचे हाल लिहून पाठवले आणि इंग्लंड खवळले. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट हे तिच्या ओळखीचे. २१ ऑक्टोबर १८५४ रोजी अडतीस नर्सा बरोबर घेऊन ती निघाली आणि ४ नोव्हेंबरला कॉन्स्टँटिनोपलच्या समोरच्या काठावरील स्कुटारी येथे पोचली. तिथे तुर्की सैन्याच्या एका अवाढव्य बराकीचे इस्पितळ केले होते.

डॉक्टरांनी प्रथम या बायकांना वॉर्डात पाऊल टाकू दिले नाही. नाइटिंगेलबाईंनी वाद घातला नाही. नर्सांना फाटके कपडे शिवायला बसवले आणि बोलावणे येईपर्यंत वाट पाहिली. लवकरच इंकरमनच्या लढाईतले जखमी आले, बराकीच्या लांबच लांब ओसऱ्या भरून गेल्या आणि डॉक्टरांचा अभिमान गळाला. साबण नाही, टॉवेल नाही, भांडी नाहीत, सदरे नाहीत. टाइम्सने जमवलेला निधी आणि स्वतःचे पैसे यांतून बाईंनी बाजारातून सामान आणले. एक घर भाड्याने घेऊन त्यात कपडे उकळायच्या हंड्या बसवल्या आणि सैनिकांच्या बायकांना धुण्याच्या कामाला लावले. रात्री कंदील घेऊन फिरणे हे याच काळातले. घराघरांत त्यांच्या तसबिरी लागल्या त्याही याच काळात.

आणि याच काळात माणसे मरतच राहिली. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात नसते. बाई आल्या आणि मृत्यू कमी झाले असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात १८५४-५५ च्या हिवाळ्यात स्कुटारीतले मृत्यू वाढत गेले. फेब्रुवारी १८५५ मध्ये ते शंभरी बेचाळीसवर पोचले. जखमांनी मरणारे थोडे. हगवण, पटकी, तापाने मरणारेच फार. बाई दिवसाचे वीस वीस तास राबत होत्या, स्वच्छ कपडे होते, चांगले अन्न मिळू लागले होते, आणि तरीही प्रेते उचलून नेली जात होती.

मार्च १८५५ मध्ये सरकारने पाठवलेला स्वच्छता आयोग तिथे पोचला. डॉक्टर जॉन सदरलंड आणि अभियंता रॉबर्ट रॉलिन्सन हे त्यात प्रमुख. त्यांनी औषधाला हात लावला नाही. त्यांनी फरश्यांखाली पाहिले. सगळी बराक तुंबलेल्या मोऱ्यांवर उभी होती आणि त्यातली घाण हवा संडासांच्या नळांतून वॉर्डांत येत होती. पाणी ज्या नळातून यायचे त्यात मेलेला घोडा सापडला. पहिल्या पंधरवड्यात साडेपाचशेच्या वर हातगाड्या आणि टोपल्या भरून केर काढला गेला. मोऱ्या धुतल्या, भिंतींना चुना लावला, खिडक्या उघडल्या. जूनपर्यंत मृत्यूचे प्रमाण शंभरी सुमारे दोनवर आले.

बेचाळीस आणि दोन. या दोन आकड्यांमध्ये काय घडले याचा शोध हेच पुढे बाईंचे आयुष्य झाले.

ऑगस्ट १८५६ मध्ये त्या इंग्लंडात परतल्या त्या मिरवणुका चुकवून, गुपचूप. राष्ट्राने त्यांना देवी केले होते. त्यांच्या नावाने सुमारे पंचेचाळीस हजार पौंडांचा निधी जमला होता. दुसरी एखादी बाई त्या कौतुकात सुखाने राहिली असती. यांनी सप्टेंबरात व्हिक्टोरिया राणीची भेट घेतली ती सैन्याच्या आरोग्याची चौकशी करायला शाही आयोग नेमावा हे सांगण्यासाठी. मग आकडे जमवायला बसल्या. पहिली अडचण अशी की आकडेच धड नव्हते. स्कुटारीत मृतांच्या नोंदी वेगवेगळ्या कचेऱ्यांत ठेवल्या जात आणि कोणतीही एक नोंद दुसरीशी जुळत नसे. किती माणसे पुरली हे एक कचेरी एक सांगे, दुसरी दुसरेच. माणूस मेला तो मेलाच, पण कागदावरही तो नीट मेला नव्हता.

या कामात त्यांना विल्यम फार हे गुरू भेटले. इंग्लंडच्या जन्ममृत्यू नोंदणी कचेरीत ते आकडेशास्त्राचे प्रमुख होते. त्यांनी बाईंना मृत्युदर काढण्याची शास्त्रशुद्ध पद्धत दाखवली. कोणत्या इस्पितळात किती गेले एवढे पुरत नाही, कितीपैकी गेले, किती काळात गेले, कोणत्या वयाचे गेले हे पाहावे लागते. असे पाहिल्यावर जे दिसले ते भयंकर होते. स्वतः बाईंची समजूत अशी होती की सैनिक स्कुटारीला पोचेपर्यंतच उपासमारीने आणि थंडीने अर्धमेले झालेले असत आणि म्हणून मरत. आकडे वेगळे सांगत होते. आघाडीजवळच्या छावणी इस्पितळांपेक्षा स्कुटारीच्या मोठ्या इस्पितळात माणसे अधिक मरत होती. म्हणजे त्यांचे स्वतःचे इस्पितळ, जिथे त्यांनी जीव ओतला होता, तेच माणसे मारत होते.

अलीकडच्या एका चरित्रकाराने असे मांडले आहे की १८५७ साली हे सत्य समजल्याच्या धक्क्याने त्या कोसळल्या. इतर अभ्यासकांना हे मान्य नाही. ते म्हणतात, त्या वर्षीच्या आजारपणाचे कारण क्रिमियात जडलेला ताप होता, आणि आजच्या वैद्यकाला तो ब्रुसेलोसिस असावा असे वाटते. आजाराचे कारण काहीही असो, ऑगस्ट १८५७ पासून त्या अंथरुणाला खिळल्या आणि पुढे कित्येक वर्षे बहुतेक काळ एका खोलीतच राहिल्या. मला महत्त्वाचे वाटते ते हे की त्यांनी ते आकडे दडवले नाहीत. आपल्याच कीर्तीच्या मुळावर येणारे कोष्टक त्यांनी स्वतः तयार केले, स्वतःच्या खर्चाने छापले आणि ज्यांच्या हाती सत्ता होती त्यांना पाठवले. सैन्याच्या आरोग्यावरचा तो १८५८ चा ग्रंथ आठशेहून अधिक पानांचा आहे.

आठशे पानांची कोष्टके मंत्री वाचणार नाहीत हे त्यांना कळत होते. म्हणून त्यांनी चित्र काढले. वर्तुळाचे बारा भाग, प्रत्येक महिन्याला एक. ज्या महिन्यात मृत्यू अधिक त्या महिन्याची पाकळी बाहेर अधिक पसरलेली. निळा रंग टाळता येण्याजोग्या रोगांचा, तांबडा जखमांचा, काळा इतर कारणांचा. जानेवारी १८५५ ची पाकळी पाहावी. त्या एका महिन्यात साऱ्या पूर्वेकडील सैन्यात रोगांनी मेले २७६१, इतर कारणांनी ३२४ आणि जखमांनी फक्त ८३. ज्यांना आपण शत्रूच्या गोळीने मेलेले समजतो त्यांचा तांबडा रंग मध्यभागी कुंकवाच्या ठिपक्याएवढा, आणि भोवती निळेच निळे. फार यांचे मत होते की आकड्यांचे लिखाण कोरडेच असावे. बाईंनी गुरूचे गणित घेतले, हे मत घेतले नाही. आम्ही परीक्षेत पाच गुणांसाठी ज्या आकृत्या कंपासने कशाबशा काढतो, त्या एका बाईने लोक मरायचे थांबावेत म्हणून काढल्या होत्या.

युद्धच नव्हे, शांततेच्या काळातही इंग्लंडमधल्या बराकींत राहणारे तरुण शिपाई त्याच वयाच्या साध्या नागरिकांच्या जवळजवळ दुप्पट प्रमाणात मरतात हेही त्यांनी दाखवून दिले. निवडून घेतलेली धडधाकट पोरे, आणि घरी राहिलेल्यांपेक्षा आधी मरणार! हे वाचल्यावर संसदेला गप्प बसणे अवघड गेले. बराकी सुधारल्या, सैनिकी वैद्यक शाळा निघाली, सैन्यात आरोग्याचे आकडे ठेवण्याची व्यवस्था झाली. १८५८ सालीच लंडनच्या सांख्यिकी मंडळाने त्यांना सभासद करून घेतले. त्या मंडळाच्या त्या पहिल्या स्त्री सभासद.

१८६० साली निधीच्या पैशातून लंडनच्या सेंट टॉमस इस्पितळात परिचारिकांची शाळा निघाली. पहिल्या तुकडीत पंधरा विद्यार्थिनी. त्याच सुमारास शुश्रूषेवरचे त्यांचे छोटे पुस्तक आले आणि घरोघर गेले. त्यातली बरीचशी शिकवण आपल्या आज्या सांगतील तशी आहे: खिडकी उघडा, अंथरूण स्वच्छ ठेवा, रोग्याच्या उशाशी कुजबुजू नका. १८६० च्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेपुढे त्यांनी सर्व इस्पितळांनी एकाच नमुन्यात नोंदी ठेवाव्यात अशी योजना मांडली. १८६१ च्या जनगणनेत आजारी माणसे किती आणि ती कसल्या घरांत राहतात हेही विचारावे असा आग्रह त्यांनी धरला, तो मात्र सरकारने मानला नाही.

इथे मला एक आठवण सांगावीशी वाटते. मी नववीत असताना पावसाळ्यात आमच्या गावात गॅस्ट्रोची साथ आली. आरोग्य सेविका घरोघर हिंडून लिहून घेत होत्या, कोणाला जुलाब, केव्हापासून, पाणी कुठले भरता. लोक चिडले होते. गोळ्या द्यायच्या सोडून बाई वही काय भरतात, असे आमच्या घरीही बोलले गेले. चार दिवसांनी त्याच वहीवरून कळले की आजारी घरे बहुतेक एकाच आळीतली, एकाच नळावरची आहेत. जमीन उकरली तेव्हा फुटलेला नळ गटाराला लागून गेलेला दिसला. त्या वेळी मला त्यात काही विशेष वाटले नव्हते.

बाईंचा सर्वांत धाडसी अभ्यास मात्र फारसा कोणी सांगत नाही. तो बाळंतिणींविषयी आहे. नाइटिंगेल निधीच्या मदतीने लंडनच्या किंग्ज कॉलेज इस्पितळात एक बाळंतीण वॉर्ड चालवला जात होता. खेड्यापाड्यांत जाऊन काम करतील अशा सुईणी तिथे शिकत. हेतू उत्तम, व्यवस्था चांगली, नर्सा शिकलेल्या. तरीही बाळंतज्वराने बायका मरू लागल्या. १८६७ अखेर तो वॉर्ड बंद झाला. दुसरे कोणी असते तर इथेच विषय मिटवला असता. बाईंनी त्या मृत्यूंचा हिशेब मांडला आणि ठिकठिकाणच्या प्रसूतिगृहांचे आकडे मागवले. १८७१ साली पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातून निघाले ते असे: साऱ्या इंग्लंडात, बहुतेक घरीच आणि तीही गरिबांच्या घरी बाळंत होणाऱ्या बायकांत, हजारी सुमारे पाच दगावत. सुसज्ज प्रसूतिगृहांत हे प्रमाण कितीतरी पटींनी अधिक होते. जिथे पुष्कळ बाळंतिणी एका छताखाली, जिथे प्रेते चिरून आलेले विद्यार्थी वॉर्डात शिरतात, तिथे मरण अधिक. त्यांनी लिहिले की बाळंतीण म्हणजे रोगी नव्हे, तिला रोग्यांच्या इस्पितळात ठेवूच नये, लहान लहान स्वतंत्र खोल्या असाव्यात. व्हिएन्नात सेमेलवाइस यांना १८४७ मध्ये जे दिसले होते त्याच्याच आसपास त्या वेगळ्या वाटेने पोचल्या. पुस्तक त्यांनी अपुरा, सुरुवातीचा प्रयत्न म्हणून पुढे ठेवले आणि अधिक नीट आकडे गोळा करा असे इतरांना विनवले. सुईणींची ती शाळा पुन्हा काही निघाली नाही.

आता हिंदुस्थानविषयी. बाई इथे कधीही आल्या नाहीत. पण चाळीस वर्षे त्यांच्या खोलीत हिंदुस्थानचे कागद येत राहिले. १८५७ च्या उठावानंतर गोऱ्या फौजा वाढल्या आणि इथल्या छावण्यांत त्यांचे शिपाई दरसाल हजारी एकोणसत्तर या प्रमाणात मरत. १८५९ मध्ये यासाठी शाही आयोग नेमला गेला. प्रत्येक छावणीला पाठवायची प्रश्नावली बाईंनी तयार करून दिली: पाणी कुठले, मोऱ्या कशा, बराकीत माणशी जागा किती, दारू किती. आलेली उत्तरे एवढी होती की घर बदलताना त्यांना दोन गाड्या लागल्या, असे चरित्रकार सांगतात. १८६३ साली आयोगाचा दोन खंडांचा, दोन हजारांवर पानांचा अहवाल निघाला. त्यातली बाईंची टिप्पणी मोकळ्या, काहीशा तिखट भाषेत आहे. पुढल्याच वर्षी बंगाल, मद्रास आणि मुंबई या तिन्ही इलाख्यांत स्वच्छता आयोग नेमले गेले. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर हे त्यांचे मोठे सहकारी. दहा वर्षांनी, १८७३ मध्ये, त्यांनी हिशेब दिला की एकोणसत्तराचे अठरा झाले.

ही सगळी काळजी गोऱ्या शिपायांची होती, आपली नव्हे, हे आरंभी खरेच आहे. पण आकडे वाचणाऱ्या माणसाला कुंपण घालता येत नसावे. छावणी स्वच्छ करायची तर शेजारचे शहर स्वच्छ हवे, शहर स्वच्छ हवे तर खेडे, आणि खेड्यात माणूस मरतो तो नुसत्या घाणीने नव्हे तर भुकेने. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात दक्षिणेत लाखो माणसे गेली तेव्हा बाई पाटबंधारे, शेतसारा, सावकारी यांवर लिहू लागल्या. १८७८ मध्ये त्यांनी एका प्रतिष्ठित इंग्रजी मासिकात रयतेच्या कर्जबाजारीपणाविषयी परखड लेख लिहिला, आणि त्यात आपल्या दख्खनच्या शेतकऱ्याचा विषय आहे. ज्या सावकारीपायी १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांत दंगे झाले, तोच विषय. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता. सर विल्यम वेडरबर्न यांच्याकडून त्यांना मुंबई इलाख्याची माहिती मिळे. बेहरामजी मलबारी यांच्या १८९२ च्या चरित्राला त्यांनी प्रस्तावना लिहिली. उतारवयात त्यांचा आग्रह असा होता की खेड्यांत आरोग्याची शिकवण द्यायची तर ती त्याच मुलखातल्या माणसांनी, त्यांच्याच भाषेत, आणि मुख्यतः बायकांपर्यंत जाऊन द्यावी. त्या साम्राज्याच्या विरोधात कधीच नव्हत्या. इंग्रज सरकार सुधारेल अशी त्यांना शेवटपर्यंत आशा होती. ती आशा मला भाबडी वाटते. पण सरकारला त्याच्याच कागदांवरून जाब विचारण्याची त्यांची रीत भाबडी नव्हती.

त्यांच्या चुकाही सांगायला हव्यात, नाहीतर हा लेख पुण्यतिथीचे भाषण होईल. रोग घाणीतून, दूषित हवेतून उपजतो यावर त्यांची फार काळ श्रद्धा होती. रोग एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो हे त्या मानायला तयार नव्हत्या. कॉख यांनी पटकीचा जंतू दाखवल्यावरही त्यांचे मन सावकाश आणि अर्धवटच वळले. कारण चुकले, उपाय बरोबर ठरला, हा त्यांचा योग. परिचारिकांची सरकारी नोंदणी व्हावी याला त्यांनी कडाडून विरोध केला. परीक्षा देता येते म्हणून चांगली शुश्रूषा येते असे नाही, हा त्यांचा मुद्दा. पण नोंदणी नसल्याने नर्सेसचे नुकसान होत होते हे त्यांना दिसले नाही. जमैकाच्या मेरी सीकोल याही क्रिमियात सेवेला जायला तयार होत्या. त्यांना लंडनमध्ये नकार मिळाला आणि त्या स्वतःच्या हिमतीवर गेल्या. बाईंचे त्यांच्याविषयीचे मत फारसे उदार नव्हते. मेरी सीकोलबाईंवर कोणीतरी आपल्या अंकात स्वतंत्र लिहावे.

१८९१ साली, सत्तरी ओलांडल्यावर, बाईंनी फ्रान्सिस गाल्टन यांना पत्र लिहून ऑक्सफर्ड विद्यापीठात उपयोजित सांख्यिकीचे अध्यासन स्थापन करण्याची कल्पना मांडली. स्वतः पैसे घालायची तयारी होती. कायदे करणारे मंत्री विद्यापीठांतून शिकून येतात, पण केलेल्या कायद्याने काय झाले हे मोजायला त्यांना कोणी शिकवत नाही, ही त्यांची तक्रार होती. शाळा काढल्याने गुन्हे कमी झाले का, गरिबांना दिलेल्या मदतीने गरिबी हटली का, हिंदुस्थानची रयत सुधारली की खंगली, हे आकड्यांनी पाहावे. ती योजना मागे पडली आणि ते अध्यासन त्यांच्या हयातीत निघाले नाही.

नंतरची वर्षे अंधुक गेली. दृष्टी गेली, स्मृती गेली. १९०७ मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट हा किताब मिळाला, तो मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री, पण तो कशासाठी हे त्यांना नीट उमगले असेल की नाही शंका आहे. १३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, लंडनच्या घरी त्या झोपेतच वारल्या. वेस्टमिन्स्टर ॲबीत राजेरजवाड्यांशेजारी दफनाची तयारी सरकारने दाखवली होती, ती कुटुंबीयांनी नाकारली. हॅम्पशायरमधील ईस्ट वेलो या खेड्याच्या चर्चच्या आवारात, आईवडिलांजवळ, त्यांना पुरले. दगडावर पूर्ण नाव नाही. एफ. एन. ही दोन अक्षरे आहेत आणि जन्ममृत्यूची साले.